धुक्यातली दोरी
गळाला नकली माशी लावून समुद्रात मासे धरायला शिकण्यासाठी सहा बायका नावेतून आल्या होत्या, त्यांत दोन जावाही होत्या. घरात त्यांचं फारसं पटत नसे. नाववालीने उथळ पाण्यात नाव थांबवली आणि सगळ्या खाली उतरल्या. गुडघाभर पाण्यात माशामागे जाता जाता धाकटी बरीच लांब गेली. तेवढ्यात धुकं उतरलं आणि नाव, बायका, किनारा, सगळंच दिसेनासं झालं. भरती लागली होती. पाणी कमरेला आलं तशी ती घाबरून हाका मारू लागली. उत्तर आलं ते थोरलीचं. “जागची हलू नकोस. नुसती बोलत राहा.” “काय बोलू, ताई?” “घरात तर तुझी टकळी थांबत नाही. बोल काहीही.” धाकटी बडबडत राहिली. त्या आवाजाच्या रोखाने थोरली गळाची दोरी फेकत होती. शेवटी दोरी धाकटीच्या खांद्यावर पडली. “ओढू नकोस, तुटेल. बोटांत धर आणि तिच्या अंदाजाने माझ्याकडे ये.” चिखलात रुतणारे पाय उपसत धाकटी निघाली. थोरली दिसली तेव्हा तीही छातीभर पाण्यात एकटीच उभी होती. “नाव कुठंय?” “मलाही दिसत नाही गं. तुझी हाक ऐकली नि निघाले.” दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने नाववालीची शिट्टी अगदी पुसट ऐकू आली. थोरलीने धाकटीचं मनगट धरलं आणि दोघी शिट्टीच्या रोखाने निघाल्या. “मला पोहता येत नाही, ताई,” धाकटी म्हणाली. “मलाही नाही,” थोरली म्हणाली. नावेत चढेपर्यंत दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.