मंगळवारचा फोटो

पेणच्या खाडीकाठी एका गावात शाळेचं छप्पर भर वर्गावर कोसळलं. त्याच आठवड्यात रोह्याच्या एका साप्ताहिकात फोटो आला : मोडायला आलेला वासा आणि त्याखाली पाढे म्हणणाऱ्या मुली. स्वतः काढलेल्या त्या फोटोमुळे संपादक शरद गुप्ते घरोघरी पोचले, निवडून आले, शिक्षण सभापती झाले. पाच वर्षांत त्यांनी एकसष्ट शाळांची छपरं नवी केली.

सत्त्याण्णव साली त्या गावातल्या नव्या शाळेच्या उद्घाटनाला तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. मिठागरात राबणाऱ्या धोंडुबाईची मुलगी त्या कोसळलेल्या छपराखाली सापडून गेली होती. फोटो धोंडुबाई पहिल्यांदाच बघत होती.

"ही बगा माजी नमी, पडक्या दाताची! रिबीन नवी हाय, मंगळवारीच बांधलेली. छप्पर पडलं गुरवारी." तिनं सभापतींचे दोन्ही हात धरले. "तिचा एक पन फोटू नव्हता, भाऊ. तुमी दोन दिस आदी येऊन गेलात, म्हनून आज तोंड तरी दिसलं."

गुप्त्यांना हात सोडवून घेता येईना.


मंगळवारी तो वासा पाहून ते कोणालाही काही न सांगता परतले होते, कारण साप्ताहिक शनिवारी निघायचं.