पट्टा आला

तलासरीजवळच्या सरकारी माळावर आमची संस्था पाड्यावरच्या बायकांसोबत भाजीपाला पिकवते. त्या जमिनीचा भाडेपट्टा मिळावा म्हणून मी नऊ वर्षं कचेरीत खेटे घालतेय, आणि शेतावर गेले की गंगी विचारतेच, "ताई, पट्टा आला काय?"

काल तिचाच फोन आला. "ताई, आला पट्टा. साहेब स्वतः शेतावर येऊन देऊन गेले." मी डहाणू रोडच्या बाजारातून पेढे घेऊनच निघाले.

पोचले तर वांग्यांच्या वाफ्यांवरून चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा आरपार गेलेल्या. इथून नवा रस्ता जाणार होता.

गंगीने रेघांमधली जागा दाखवली.



"हा बघ तुझा पट्टा, ताई. मोजून शंभर फूट दिलाय."