सगळे आपलेच

मुलांनो, कल्पना करा. शाळेत तमिळ, बाजारात तमिळ, आणि मराठी ऐकू येते ती फक्त घरात, नाहीतर आत्या-काकांकडे. मग मराठी बोलणारा माणूस भेटला की तो आपला नातेवाईकच, असं तुम्हालाही वाटेल की नाही?

कुंभकोणमच्या सहा वर्षांच्या कीर्तीला तसंच वाटायचं. तिची अम्मा महिनाभर पाहुण्यांचं करून थकली होती. तिला एक रविवार तरी निवांत झोपता यावं, म्हणून अप्पा लेकीला घेऊन तरंगंबाडीला समुद्र आणि डेन्मार्कच्या लोकांनी बांधलेला किल्ला बघायला गेले.

किल्ल्यापाशी कोल्हापूरच्या प्रवाशांची बस उभी होती. चाळीस माणसं, सगळी मराठी बोलणारी! कीर्ती धावत गेली आणि सगळ्यांना संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण देऊन आली.

"अगं, ते आपले कुणी नव्हेत!" अप्पा काकुळतीला आले.

"मराठी बोलतात की, अप्पा!"

तेवढ्यात बसमधल्या एक आजी हसत आल्या. "आमचा मुक्काम कुंभकोणमलाच आहे हो. आठ दिवस झाले, घरचा घास नाही. देवासारखे भेटलात बघा!"

जेवायला बोलावलेल्यांना आता 'येऊ नका' म्हणायला अप्पांची जीभ रेटेना. त्यांनी घरी फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच घाबरून तो लेकीच्या हातात दिला.



कीर्ती आनंदाने ओरडली, "अम्मा, ऊठ! अप्पांनी चाळीस जणांना जेवायला बोलावलंय!"