आणखी एक टेक

"कट!" लेक ओरडली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला आणि टेबलापाशी बसलेल्या दोन्ही भावांनी लगेच तोंडं फिरवली. बाबा भिंत बघू लागले. काका चष्मा पुसू लागला. आत्ता, अगदी आत्ता, दोघं किती छान भांडत होते!

लेकीला आठ छोट्या फिल्म करायच्या होत्या. प्रत्येकीत दोन माणसं, एक टेबल, कॉफी, सिगारेटी आणि गप्पा. सात झाल्या होत्या. आठवीचे नट आयत्या वेळी आले नाहीत, असं तिने दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं. साफ खोटं! नटांना तिने बोलावलंच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी आजोबा दवाखान्यात वारले, तेव्हा काका खोलीत नव्हता. "एका सिगारेटपायी बापाला सोडून गेलास," असं बाबा चारचौघांत बोलले. तेव्हापासून अबोला. फिल्मलाही दोघं तयार झाले ते अट घालूनच. कॅमेऱ्यासमोर लिहिलेलं तेवढं बोलू, नंतर चकार शब्द नाही. हट्टाच्या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

तिसरा टेक फक्कड झाला. कॅमेऱ्याचं कार्डही भरलं. फिल्म झाली होती. आता 'संपलं' म्हटलं की हे दोघे दोन दारांनी दोन घरी जाणार आणि पुन्हा नऊ वर्षं एकमेकांची सावली टाळणार. लेकीची जीभच रेटेना.

"धूर नीट दिसला नाही," ती म्हणाली. "आणखी एक टेक."

मग तिने बंद कॅमेऱ्यावर चौथा टेक घेतला. पाचवाही घेतला. दर वेळी कपात खुणेपर्यंत कॉफी भरायची, सिगारेटी कात्रीने मापात कापून द्यायच्या, म्हणजे आधीच्या टेकशी जुळतात. सिगारेटी बिनतंबाखूच्या, कसल्याशा पाल्याच्या. खोलीत पाचोळा पेटवल्यासारखा वास कोंडला होता. बाबांचा जन्म विजेचे मीटर वाचण्यात गेलेला, काका शिंपी. फिल्मच्या धंद्यातलं दोघांना ओ की ठो कळत नाही, म्हणून आपलं फावतंय, असं तिला वाटत होतं.

सहाव्या टेकला लिहिलेली वाक्यं संपली आणि दोघं आपलंच बोलू लागले.

"तुझी ही सिगारेटच सगळ्याच्या मुळाशी," बाबा म्हणाले.

काकाने हातातली सिगारेट चुरगळली. "त्या दिवशी मी ओढायला गेलोच नव्हतो, दादा. तू दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हतास. तुझ्यासाठी कॉफी आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा दोन्ही हातांत कप होते. तू बघितलेसुद्धा नाहीस."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू बोलू कुठे दिलंस?"

बाबांनी आपला कप काकापुढे सरकवला. "घे. तुझी निवली असेल. मी हात नाही लावलेला."

काकाने दोन्ही हातांनी कप धरला.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. आठ फिल्ममधलं सगळ्यात खरं बोलणं, आणि कॅमेरा बंद! हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. उठून दोघांना मिठी मारावी असं तिला वाटलं, पण मग शूटिंगच संपलं असतं.

"कट! छान होतं, पण... आणखी एकच टेक," ती कसंबसं म्हणाली आणि किटली घेऊन स्वयंपाकघरात पळाली. बिनतारी हेडफोन कानांवरच राहिले होते. भावांच्या कॉलरला माईकही तसेच होते.

किटली शेगडीवर ठेवते न ठेवते, तोच कानात काकाचा दबका आवाज आला. "दादा, कॅमेऱ्यावरचा तो लाल दिवा मघापासून लागत नाहीये. सांगू या का पोरीला?"

"चौथ्या टेकपासून लागलेला नाही," बाबा कुजबुजले. "गप बस. तिला कळलं, तर संपलं म्हणून घरी पाठवेल आपल्याला."