ओढून पाहणाऱ्या पेशी

कल्पना कर, तुझा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागला आहे. खाली दोन छोट्या बशा आहेत. दोन्हींच्या तळाशी पारदर्शक जेलीचा थर. एकीत अगदी मऊ, दुसरीत जरा घट्ट. घट्ट थरावरच्या पेशी हातपाय पसरून चिकटून बसल्या आहेत. मऊ थरावरच्या मात्र गोल होऊन पडल्या आहेत. बशी जरा हलली की निसटतात.

गंगाला तेच दिसत होतं. आठ वर्षांची गंगा दोन महिन्यांपूर्वी अनाथाश्रमातून ऋता आणि अनिमेषच्या घरी आली होती, त्यांची मुलगी म्हणून. ऋता विद्यापीठात पेशींवर काम करायची; आज ती गंगाला प्रयोगशाळेत घेऊन आली होती. घरात गंगाला कुणी कशाला नाही म्हणत नसे. जेवणाआधी जिलेबी? घे. शाळा नको? नको जाऊस. रोज संध्याकाळी ती विचारायची, "कल भी यहीं रहना है?" दोघंही प्रेमानं म्हणायचे, "तुला वाटेल तोवर राहा, बेटा." तरी ती खुर्चीच्या कडेवरच बसायची, पाहुण्यासारखी.

"इतना नरम है, फिर चिपकती क्यों नहीं?" गंगानं विचारलं.

"या पेशी आधी खालचा थर ओढून बघतात," ऋता म्हणाली. "थर घट्ट असला, की तो जागचा हलत नाही. मग त्या पकड घट्ट करतात. मऊ थर ओढला की नुसता सरकत येतो. त्याला धरून राहायचं तरी कसं?"

बोलता बोलता ऋतानं स्टुलाच्या कडेवर बसलेल्या गंगाकडे पाहिलं.

संध्याकाळी तिघं बालाजी घाटावर आले, तेव्हा नदीपलीकडच्या रामनगरला निघालेली नाव लागली होती. गंगानं ऋताचा हात ओढला. "मैं इसमें जाऊँगी. अकेली. वापस नहीं आऊँगी."

अनिमेष गडबडला. "बरं, आपण नावाड्याला विचारू..."

"नाही," ऋता म्हणाली. "कुठंही जायचं नाही. आज नाही, उद्याही नाही. घरी चल, पाढे राहिलेत."

गंगानं हिसका दिला. पाय आपटले. ओरडली. पायऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली.

"बच्ची है बहिनजी, घुमा लाएँ?" नावाडी म्हणाला.

ऋतानं नकारार्थी मान हलवली आणि हात सोडला नाही.

गंगानं आणखी एकदा ओढून पाहिलं, अंगातलं सगळं बळ लावून. मग थांबली. आपली बोटं ऋताच्या बोटांत घट्ट रोवली, नाक बाहीला पुसलं आणि विचारलं, "कितीचा पाढा?"