ताईच्या पसंतीनं

वडिलांच्या माघारी भुकूमची जमीन विकून किशोरनं मोठी गाडी बुक केली, आणि वरचं सामान ठरवायला थोरल्या बहिणीला, गौतमीला, तिच्या सासरहून कासारसाईहून मुद्दाम शोरूममध्ये आणलं.

सेल्सगर्ल यादी वाचत होती. प्रत्येक वेळी किशोर बहिणीकडं बघायचा.

"ताई, सीट कव्हर कुटल्या रंगाचं घिऊ?"

"चॉकलेटी घे."

"आन् पायाखाली मॅट?"

"मॅट कशाला? चिखल तुडवायला रान कुटं ऱ्हायलंय आता?"

किशोर मोठ्यानं हसला आणि त्यानं सगळ्यांत महागाच्या मॅट घेतल्या.

"नशीबवान आहात ताई," सेल्सगर्ल म्हणाली. "दादा तुम्हाला विचारल्याशिवाय काहीच ठरवत नाहीत. बरं, मागच्या काचेवर नाव आमच्याकडून फ्री. काय लिहायचं?"

किशोरनं ते घरूनच ठरवून आणलं होतं. "लिव्हा, 'बहिणीचा आशीर्वाद'. ह्या टोकापासून त्या टोकापत्तुर." त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. "अक्षरांचा रंग बी तूच सांग, ताई."

"निळा," गौतमी म्हणाली. "राखी बांधून हात खाली घेते न घेते, तवर हक्कसोडीचा कागद पुढं केलास. तवा मातुर काय इचारलं न्हाईस. त्या कागदावर माझी सही हाय बघ, तसला निळा."