दांडा भिंतीकडे

दूध तापवताना पातेल्याचा दांडा ओट्याबाहेर डोकावत ठेवायची खोड माझीच. नात चालायला लागली, तशी बायको रोज बजावायची, "अहो, दांडा आत! पोरीचा हात पोचतो." मी हटकून विसरायचो. पण वळून पाहावं, तर दांडा गुमान भिंतीकडे झालेला. म्हटलं, बायकोचीच कृपा.

त्या सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. बायको खुशीत म्हणाली, "सुधारलात हो म्हातारपणी! हल्ली दांडा न सांगता आत असतो."

"मी? मला वाटलं, तूच वळवतेस."

"मी कशाला? मी बघते तेव्हा वळलेलाच असतो!"

आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो आणि शेगडी विसरलो. भानावर आलो तेव्हा दूध वर येत होतं, दांडा बाहेर होता आणि नातीची बोटं त्याला टेकत होती. आमचे पाय जागीच खिळले.

दांडा घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश भिंतीकडे फिरला. गॅसचं बटण खटकन बंद झालं.

नात खुदकन हसली. कडेवर घ्या म्हणताना करते, तसे तिनं दोन्ही हात वर केले.

आम्ही दोघं अजून दारातच होतो, आणि तिचे पाय अलगद फरशीवरून सुटले.